मेजरचा श्वास

"मी सांगते, हा मेजर नाहीच," थोरली म्हणाली आणि चादरीचं आपल्याकडचं टोक तिने असं हिसडलं, की पलीकडचं टोक धरून उभी असलेली वहिनी दोन पावलं पुढे ओढली गेली.

लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या जोडीने घालायच्या असतात. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींपर्यंत यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे सरायचं. सगळ्या हॉटेलांच्या चादरी. रात्री कोण कोण त्यांवर लोळलेलं असतं ते न विचारलेलंच बरं. यंत्रांच्या घरघरीत बोलता येतं ते समोरासमोर आल्यावरच, त्यामुळे इथलं प्रत्येक भांडण जवळ येतं, लांब जातं, आणि घडी पडली की मिटतं.

शनिवारचं भांडण मात्र मिटत नसे. शुक्रवारी संध्याकाळी मालिकेचा भाग लागायचा. देशासाठी हेरगिरी करणारा मेजर गेल्या पर्वाच्या शेवटी पुलावरून नदीत पडला होता. या पर्वात तो परत आला होता. तोच चेहरा, तोच कोट, तीच डाव्या खांद्याने दार उघडायची लकब.

"मेजर नाही तर कोण, त्याचा चुलतभाऊ?" इस्त्रीच्या रुळापाशी उभी असलेली चिमणी म्हणाली. ती सगळ्यांत लहान, आणि जीभ सगळ्यांत लांब.

"तोतया आहे तोतया. मला नाही, वकिलाला विचार."

वकील म्हणजे बॉयलर सांभाळणारा. कोर्टाची पायरी तो एकदाच चढला होता, तीही साक्षीदार म्हणून, आणि तेव्हापासून साधं 'पाणी गरम आहे' हेसुद्धा पुराव्यानिशी सांगायचा. मालिकेतला श्वास पहिल्यांदा त्यानेच पकडला होता. मेजर खोटं बोलायच्या आधी एक छोटासा श्वास घेतो. 'त्या रात्री मी त्या खोलीतच काय, त्या शहरातसुद्धा नव्हतो'च्या आधी श्वास. 'तुझ्या भावाला मी ओळखत नाही, कधी भेटलो नाही, त्याचं नावही ऐकलेलं नाही'च्या आधी श्वास. खरं बोलताना नाही. मागचं सबंध पर्व लॉन्ड्रीने त्या श्वासाच्या जोरावर ओळखलं होतं. फितूर कोण हे सगळ्या शहराला कळायच्या आधी इथे कळलं होतं, आणि त्याचा तोरा अजून उतरला नव्हता.

वकील घाम पुसत आत आला. "काल मेजर चार वेळा धडधडीत खोटं बोलला. आपण डोळ्यांनी बघितलं. श्वास एकदाही नाही. आता दोनच शक्यता. एक तर माणूस सुधारला..."

"पुलावरून पडून कोणी सुधारत नसतं," थोरली म्हणाली.

"...नाहीतर माणूसच दुसरा. चेहरा बदलता येतो, चाल शिकता येते. श्वास नाही शिकता येत. माझा मुद्दा संपला."

वहिनीच्या हातातून चादर सुटली.

"अगं, धर की! पुन्हा धुवायला लावतेस का?" थोरली ओरडली. "तुला काय झालं गं? तुझा कोण लागतो तो मेजर?"

वहिनीने टोक उचललं, झटकलं, ताणलं. मेजर तिचा नवरा लागत होता.

म्हणजे चेहरा त्याचा नव्हता. चेहरा एका देखण्या नटाचा होता. नट परमुलखातला, आपल्या भाषेत तोंड उघडलं की भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या पाहुण्यासारखा ऐकू यायचा. म्हणून आवाज तिच्या नवऱ्याचा लावला होता. पहिल्या पर्वापासून. मालिकेच्या लोकांची अट अशी, की आवाज कोणाचा हे बाहेर कोणी बोलायचं नाही. नवऱ्याला ती अट आवडलीच होती. "लोकांना मेजर भेटू दे," तो म्हणायचा, "मी भेटून काय करणार?" पण शनिवारी ती कामावरून घरी यायची तेव्हा तो दारातच उभा असायचा. लॉन्ड्रीत कोण काय म्हणालं, थोरलीला कोणावर संशय आहे, वकिलाने काय शोधून काढलं, सगळं त्याला हवं असायचं. मेजर पडद्यावरचा, खरी हेर ती होती.

श्वासाचा शोध तिने सांगितला त्या दिवशी तो हसून हसून खोकला होता. "अगं, कसलं खोटं नि कसलं खरं! लांब वाक्य आलं की मला दम लागतो हल्ली. खोटं बोलताना मेजर लांब बोलतो, एवढंच."

तो दम पुढे घशातली गाठ निघाला. मोठ्या डॉक्टरांनी यंत्रं लावून शोधायच्या कितीतरी आधी सगळी लॉन्ड्री दर शुक्रवारी तो आजार कान देऊन ऐकत होती, त्यावर पैजा लावत होती. वहिनीही हसली होती त्यात. हे ती कोणाला सांगणार?

ऑपरेशनआधी स्टुडिओचा एक गोड बोलणारा पोरगेला साहेब घरी आला. "काका, तुमचा आवाज आपण जपून ठेवू," म्हणाला. काका भारावले. घसा दुखत असताना दिवसचे दिवस त्या काचेच्या खोलीत बसून वाक्यांमागून वाक्यं वाचली. रागाची, प्रेमाची, निरोपाची. त्यांना वाटलं, घरासाठी काहीतरी राहील. बायकोला कधी ऐकावंसं वाटलं तर. आणि साहेबाने शब्द पाळला. आवाज जपला. चोर दागिना जपतो तसा जपला. गळ्यातून स्वरयंत्र काढून डॉक्टरांनी तिथे श्वासाला भोक ठेवलं, आणि इकडे यंत्राने त्या वाक्यांची चटणी वाटून नवा मेजर बोलता केला. वहिनीने फोन करून घरासाठी थोडा आवाज मागितला, तेव्हा साहेब तितक्याच गोडीने म्हणाला, "काकू, तो आता आमच्या मालकीचा आहे ना." सही काकांचीच होती.

त्या शनिवारी ती घरी आली तेव्हा तो खुर्चीत बसला होता. गळ्यावर पातळ फडकं. ऑपरेशनपासून त्याने मालिकेचं नाव काढू दिलं नव्हतं, टीव्हीकडे पाठ करून बसायचा. पण आज त्याने भुवया उचलल्या. 'काय म्हणतात?'

"म्हणतात, हा तो नाही," वहिनी म्हणाली.

तो पुढे झुकला.

"सगळेच. थोरली, वकील. श्वास नाही म्हणतात. चेहरा तोच आहे, पण माणूस दुसरा आहे म्हणतात. वकील म्हणाला, श्वास नाही शिकता येत."

त्याने तळहात टेबलावर आपटला. पुन्हा आपटला. तोंड उघडं, खांदे गदगदत होते, आवाज नाही. वहिनी आधी घाबरली. मग तिला कळलं, की हा हसतोय. किती महिन्यांनी. त्याने तिचा हात धरून ओढला, ओठ हलवले: 'पुन्हा सांग.' तिने पुन्हा सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. त्या रात्री तो पोटभर जेवला.

म्हणून तिने सोमवारी सगळ्यांना खरं सांगून टाकायचं ठरवलं. अट गेली खड्ड्यात.

"ऐका," मधल्या सुट्टीत ती म्हणाली. डबे उघडले होते, वकील बाकावर मांडी घालून तोतयाला आतून कोण सामील असेल याची यादी बोटांवर करत होता. "तोतया वगैरे काही नाही. मेजरला आवाज देणारा माणूस वेगळा आहे. तो आजारी पडला. त्याचा आवाज गेला. आता बोलतंय ते यंत्र आहे."

तिने आपल्या डब्याचं झाकण उगाच पुन्हा लावलं.

मग चिमणी फिस्सकन हसली. "बाई गं, वहिनी! एवढा विचार केलास आणि हे काढलंस?"

"फुसका," वकील म्हणाला. "सगळ्यांत फुसका सिद्धांत. राग मानू नका वहिनी, पण मग कथेत त्याचा अर्थ काय? आजारी पडला. बरं, पुढे?"

"पुढे काही नाही," वहिनी म्हणाली. "तेवढंच झालं."

"बघा. पुढे काही नाही म्हणजे पुरावाच संपला की."

"मालिका बघताना मालिकेत मन घालावं," थोरली मायेने म्हणाली आणि आपल्या डब्यातलं तिच्या डब्यात वाढलं. "नवरा आजारी म्हणून तुला जिथे तिथे आजार दिसतो. खा."

वहिनीने खाल्लं. काय करणार होती? खऱ्याला श्वासाचा पुरावा लागतो, खोट्याला नुसती कथा पुरते.

तोतयाची हवा एकट्या लॉन्ड्रीत नव्हती. न्हाव्याकडे, बसच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर माणसं तेच बोलत होती. चिमणी रोज फोनवर दाखवायची: अमुक शहरातला एक जण श्वास मोजतो, तमुक बाईने मेजरचे कान जुळवून बघितले. 'खरा मेजर परत आणा' म्हणून लोक फोनवर बोलून चॅनेलला निरोप पाठवत होते. वकिलाने सगळ्यांना रांगेत उभं करून एकेकाचा निरोप पाठवला. वहिनीच्या तोंडापुढे फोन आला. ती म्हणाली, "खऱ्याला परत आणा." थोरलीने टाळी दिली. "आत्ता कशी आलीस माणसांत!"

आणि मालिकावाल्यांनी ऐकलं. ती माणसं बहिरी थोडीच असतात; फायद्याचं त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतं. चारच भागांनी जाहिरात आली: 'तुम्ही ओळखलंत. हा मेजर नाही.' लॉन्ड्रीत त्या दिवशी चादरी उडवल्या गेल्या. बॉयलरवर चढून वकिलाने भाषण ठोकलं. खरा मेजर शत्रूच्या तळघरात आहे, जिवंत आहे, तो पुढच्या शुक्रवारी परत येणार.

नवऱ्याला हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. पण त्याला ते कळलेलं होतं. शेजाऱ्यांचा टीव्ही भिंतीतून बोलतो. ती घरी आली तेव्हा त्याने भुवया उचलल्या नाहीत. टेबलावर बोटाने तो एक रेघ ओढत होता, सरळ, पुन्हा पुन्हा तीच.

"लोकांना कळलं होतं हो," ती म्हणाली. "तुम्ही नाही हे कळलंच होतं की त्यांना."

त्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, तिला उमगलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिने ठरवून स्वयंपाकघरात काम काढलं. मालिका बघायची नाही. भांडी पुन्हा घासली, ओटा पुसला. बाहेर टीव्ही सुरू झाल्याचं तिला ऐकू आलं. त्याने स्वतः लावला होता, इतक्या महिन्यांनी. त्याला आता अडवावं, की बघू द्यावं? तिचा ओला हात तसाच राहिला. मग ती पुन्हा ओट्याकडे वळली. गोळ्या सुटल्या, गाड्या धावल्या, कोणीतरी रडलं. तिचं लक्ष हळूहळू सुटलं. पातेल्यातलं उतू जाईल म्हणून आच कमी केली, त्याच्यासाठीचं मऊ जेवण घोटत बसली. उद्या थोरली काय बोलेल, वकील किती फुगेल.

बाहेर दार उघडल्याचा आवाज झाला. खांद्याने ढकलल्यासारखा. एक छोटासा श्वास. आणि मग तो म्हणाला, थकलेल्या, किंचित खरखरीत, दिवसभराचं काम संपवून आलेल्या गळ्याने:

"अगं, ऐकलंस का? आलो मी."

"आले, आले!" ती आतूनच म्हणाली. "हात धुऊन घ्या, वाढतेच आहे."

पळी हातात घेऊन ती उठलीसुद्धा. ताट काढलं. मग तिचे हात थांबले.

ती उंबऱ्यापाशी आली. पडद्यावर मेजर आपल्या बायकोला मिठी मारून उभा होता. नवरा त्याच्याकडे बघत नव्हता. खुर्ची वळवून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. तिच्याकडे. किती वेळ, कोण जाणे.

"अहो, मला वाटलं..." ती म्हणाली. "मला वाटलं नाही, ते आपलं... सवयीने..."

त्याने हात वर करून तिला थांबवलं. रागाने नाही. ओठ हलवले, पण टीव्हीच्या उजेडात ते तिला वाचता आले नाहीत. मग खुणेने तिला आत जायला सांगितलं: ते घोटायचं राहिलंय, जा.

ती आत गेली. पळी उचलली. बाहेर त्याने रिमोट घेतला, आणि तिला ओट्यापाशी नीट ऐकू येईल एवढा मेजरचा आवाज वाढवला.