फुलवालीजवळची बस

वसंताअक्कांचा तंजावरी मराठी बायकांचा साक्षरतावर्ग पुस्तकावर चालत नसे. ज्या बाईला जे वाचायची नड, तोच तिचा धडा. कुणाला गोळ्यांची पाकिटं, कुणाला रेशनदुकानाची पाटी. मीनाक्षीबाईंना बसची तमिळ पाटी हवी होती. साठी उलटली तरी तिरुविडैमरुदूरला लेकीकडे जायचं तर कुणाची तरी मनधरणी करावी लागे, आणि सोबत येणाऱ्यांचे नखरे काय सांगावेत! म्हणून अक्कांनी परीक्षा ठेवली ती थेट कुंभकोणमच्या बसस्टँडवर. पाटी वाचायची, चढायचं आणि एकटीनं लेकीचं दार गाठायचं.

परीक्षा बघायला तंजावरहून पाहुणे आले. अक्का त्यांना आपली पद्धत समजावत होत्या, तेवढ्यात मीनाक्षीबाई बसमध्ये चढून मोकळ्यासुद्धा झाल्या. टाळ्या पडल्या. अक्कांचा ऊर भरून आला.

थोड्या वेळानं फोन आला. मीनाक्षीबाई भलतीकडेच, पट्टीश्वरम्‌ला उतरल्या होत्या.

मदतनीस श्रीविद्याचा चेहरा पडला. अक्कांनी तिला पोटच्या पोरीसारखं शिकवून तयार केलं होतं.

"अक्का, पाहुण्यांपुढे फजिती नको म्हणून मी काल सगळ्यांना बसगाड्या दाखवून ठेवटले. मीनाक्षीबाईंना म्हणाले, फुलवालीजवळ लागते ती तुमची. आज तिथं दुसरीच लागली."

"केसानं गळा कापलास गं," अक्का म्हणाल्या. पाहुण्यांसमोरच म्हणाल्या. इतकी वर्षं जिच्यावर डोळे मिटून विसंबल्या, तिला त्यांची पद्धत म्हणजे नुसता देखावा वाटत होता!

रिक्षा करून त्या पट्टीश्वरम्‌ला पोचल्या. लेकीसाठी केलेल्या मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा मांडीवर घेऊन मीनाक्षीबाई देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या.

"चुकतं असं कधी," अक्का जवळ बसत म्हणाल्या. "अक्षरं पुन्हा घेऊ."

"मी चुकलें नाही. पाटी वाचली होती मी. पट्टीश्वरम् म्हणूनच होतं. दोनदां वाचली."

"मग चढलात कशाला?"

"श्रीविद्या सांगटली होती ना, हीच तुमची म्हणून. ती शिकलेली पोर, खोटं कशाला सांगेल? मजला वाटलं, मजलाच वाचतां येत नाही."



परतीची बस समोर येऊन थांबली. पाटी चांगली ठळक होती. मीनाक्षीबाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"हीच कां हो, अक्का?" त्यांनी विचारलं.