सकाळी सोडायची पट्टी

पिराजींचा आवाज म्हणजे मैलूर गल्लीची मालमत्ता. उभी हयात त्यांनी बसवर कंडक्टरकी केली. भालकीच्या स्टँडात त्यांनी "औराद, औराद!" अशी हाक दिली की बाकावर डुलक्या घेणारा माणूस पिशवी उचलून उभा राहायचा, मग त्याला औरादला जायचं असो वा नसो. रिटायर झाल्यावर तोच आवाज बुद्धविहारात कामी आला. गल्लीतली लग्नं तेच लावायचे. आता नातीचं, मैत्रेयीचं लग्न ठरलं होतं आणि पोरीनं सासरच्यांना ठणकावून सांगितलं होतं, "आमच्या आबांबिगर दुसरं कुणी माझं लग्न लावणार न्हाई." मुहूर्ताची भानगड नव्हतीच, हॉल रिकामा मिळाला तो दिवस पक्का झाला, ऐन पावसाळ्यातला.

आणि नेमका तेव्हाच आबांचा आवाज बसला. साधासुधा नाही, पार तळाला जाऊन बसला.

त्याला कारण होतं ते उशाचं मशीन. पिराजी घोरायचे, त्याचं त्यांच्या बायकोला, भागाबाईंना, कधी काही वाटलं नव्हतं. घोरणं मध्येच थांबायचं, त्याचं वाटायचं. श्वास अडकायचा, छाती नुसतीच हलायची आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसे ते धडपडत हवा ओढायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झोपेत श्वास थांबतोय, थट्टेवारी न्यायचं हे दुखणं नाही. मग नाकावर मास्क आला, नळी आली, हवा सोडणारं मशीन आलं. त्या दिवसापासून भागाबाई बायकोसारख्या झोपायला लागल्या, राखणदारासारख्या नाही.

पण पाऊस सुरू झाला आणि पिराजींचं रोज सकाळी तेच गाऱ्हाणं. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ भेगाळलेले, घशात कोरडी कडबा-कुट्टी. तांब्याभर पाणी प्याले तरी शब्द फुटायचा नाही.

"ह्या डब्ब्यापायी माझा गळा जायलाय," ते एकदा चिडून म्हणाले. "लगीन होईस्तोवर बंद करतो."

"गळ्यापायी जीव घालवायलाव व्हय?" भागाबाई कडाडल्या. "चला, त्या पोरीकडं जाऊ आधी."

ती पोरगी म्हणजे भुवनेश्वरी, दवाखान्यात ही मशीनं बसवून देणारी. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि हसणं भरपूर. तिनं मशीन उघडलं, पाण्याचा डबा बाहेर काढला, उलटा करून बघितला.

"अज्जी, यातलं पाणी कुठं गेलं?"

"पावसाळा लागला न्हवं का," भागाबाई मोठ्या शहाणपणानं म्हणाल्या. "कूलरचं काढून ठेवलं, तसंच ह्याचं बी काढलं. पुसून कोरडं केलंय बघ. पावसाळ्यात असली वली हवा छातीला बाधती."

भुवनेश्वरीनं कपाळाला हात लावला. मग इतकी हसली की बाहेरचे पेशंट डोकावले. "अय्यो अज्जी! हा कूलर न्हाई. आबांच्या घशाला ओल मिळावी म्हणून हे पाणी. बाराही महिने लागतं!"

पिराजींनी बायकोकडं असं बघितलं, जणू बिनतिकिटाचा प्रवासी सापडला. भागाबाई खाली बघून पदर नीट करत बसल्या.

भुवनेश्वरीनं अजून एक गोष्ट पकडली. पिराजी झोपेत तोंड उघडतात. नाकातून आत जाणारी हवा तोंडावाटे निसटते, आणि जाता जाता सगळं वाळवून टाकते. त्यांचं नाक मोकळं असल्याची तिनं खात्री करून घेतली आणि कपाटातून एक रुंद मऊ पट्टी काढली. हनुवटीखालून घ्यायची, डोक्यावर चिकटवायची, म्हणजे तोंड मिटलेलं राहतं. नाहीच जमलं तर तोंडासकट झाकणारा मास्क देते म्हणाली.

पट्टी बघितली आणि भागाबाईंचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यांनी ती कुणाला न सांगता तांदळाच्या डब्याच्या तळाशी खुपसली.

पाण्यानं फरक पडला. ओठ सुधारले, जीभ सुटली. पण आवाज अजून घोगराच होता, आणि लग्न तर दारात आलेलं.

"पट्टी कुठाय गं?"

"ठिवली कुठंतरी. सापडंना."

"मग राहू दे. मशीन बी राहू दे," पिराजी वैतागले आणि दुपारी जेवून तसेच पलंगावर आडवे झाले.

भागाबाई तिथंच लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. घोरणं सुरू झालं. आणि थांबलं. सुपातला हात सुपातच राहिला. पंखा फिरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि पलंगावरून कसलाच आवाज नव्हता. सूप फेकून त्या धावल्या, दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं.

"अवो! अवो, उठा!"

पिराजी दचकून, धापा टाकत उठले. "कामून हलवायलीस गं? काय झालं?"

भागाबाईंना रडूच फुटलं. सांडलेल्या तांदळावरून त्या सैपाकघरात गेल्या, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पट्टी आणून त्यांच्या मांडीवर टाकली.

"मीच लपवली व्हती. निंबर्ग्याला माझा बाप वारला, तवा पदराची चिंधी फाडून त्याची हनुवटी मी बांधली, ह्याच हातानं. परत कुणाची बांधायची न्हाई म्हणलं व्हतं. तुमची तर न्हाईच न्हाई."

पिराजींनी पट्टी हातात घेऊन चाचपली. सगळा राग कुठल्या कुठं गेला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भागा, तुझ्या बापाला तू इचारलं व्हतंस का, आवळ झाली का म्हणून?"

"मेल्या माणसाला कोण इचारतंय?"

"मग मला इचार. मी सांगतो की."

त्या रडता रडता हसल्या. पट्टी हनुवटीखालून घेतली, डोक्यावर चिकटवली, कानापाशी बोट घालून सैल केली. "आवळ झाली का?"

"उंहूं," मिटल्या तोंडानं पिराजी म्हणाले.

"सकाळी मीच सोडणार. तुम्ही हात लावायचा न्हाई, सांगून ठिवते."

तसंच ठरलं. रोज त्या बांधायच्या, आवळ झाली का विचारायच्या, आणि सकाळी चहाच्या आधी सोडायच्या. लग्नाच्या दिवसापर्यंत घशातली कडबा-कुट्टी गेली आणि आवाज जागेवर आला.

लग्नात माईक दगा देऊन गेला. पिराजींनी तो बाजूला सारला, हात जोडले आणि त्रिसरण सुरू केलं. पार जेवणाच्या पंगतीतले वाढपी बादल्या खाली ठेवून उभे राहिले. मैत्रेयीनं आजीकडं बघितलं; आजीचे डोळे भरून आले होते आणि मान ताठ होती.

पाठवणी करून घरी आल्यावर पाय दुखत होते, बोलायचं त्राण नव्हतं. पिराजींनी मशीनच्या डब्यात पाणी भरलं, पलंगावर बसले आणि भांग पाडून घेणाऱ्या शाळकरी पोरासारखी हनुवटी वर केली.

"बांध. सकाळी सोडशील न्हवं?"

"सोडते की," भागाबाई म्हणाल्या. "आवळ झाली का?"