ब्रागोआजीची चिठ्ठी

“अगं, पिवळेपणा तळव्यांपर्यंत उतरलाय. आजच दवाखान्यात ने,” बाळाला न्हाऊ घालता घालता ब्रागोआजी म्हणाली आणि बाळाच्या आईच्या, अडोमाच्या हातात तिनं एक चिठ्ठी कोंबली.

अडोमाला हसू आलं. पाच दिवसांचं पोर. आठव्या दिवशी नाव ठेवल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर न्यायचं नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. कुमासीहून पाहुणे निघालेले. आणि सांगणारी कोण, तर जन्मभर झाडपाला उकळत आलेली म्हातारी!

“आजी, तुमचा तुमच्याच पाल्यावरचा विश्वास उडाला वाटतं?”

“पाल्याचं काम पाला करील, पोरी. हे त्याचं काम नव्हे. दवाखान्यातल्यांनी आम्हा पालेवाल्यांना तीन दिवस बसवून शिकवलंय, कुठं हात लावायचा नाही ते. ही छापील चिठ्ठी त्यांचीच, असं बाळ तिकडं धाडायला. लिहिता येत नाही, म्हणून अंगठा उठवलाय.”

“मी कॉलेजात शिकलेय, आजी. खिडकीतलं कोवळं ऊन दाखवते. होईल बरं.”

“शिकलीस म्हणून तर सांगतेय. पाहुणे काय, पुन्हा येतील.”

चिठ्ठी उशीखाली गेली. दुसऱ्या दिवशी आजी आली, तर अडोमानं दाराआडूनच सांगितलं, बाळ झोपलंय.

सातव्या दिवशी ते दूध ओढेना, मान मागं टाकू लागलं. मग उंबरा कुणाला आठवतो!

“घरी काही पाला-बिला पाजलात?” डॉक्टरीणबाई कडाडल्या.

“ब्रागोआजी न्हाऊ घालायची... पाल्याच्या पाण्यानं,” अडोमा म्हणाली. एवढंच. चिठ्ठीचा शब्द काढला नाही.

बाळ वाचलं, नाव क्वाकू ठेवलं. आता दीड वर्षाचा आहे. शेजारी फुफूसाठी उकडलेले कंद कांडताना मुसळ आदळतं, तरी तो वळून बघत नाही.

दवाखान्यानं शिकवलेल्या पालेवाल्यांच्या यादीतून आजीचं नाव गेलं. कुणी तिच्या हाती बाळ देत नाही. अडोमा दोनदा चिठ्ठी मुठीत धरून तिच्या गल्लीच्या तोंडाशी गेली आणि तशीच परत फिरली.

आता त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवते. तुम्ही भेटलात तर तुम्हालाही थांबवील:

“बाजारामागं, कडुनिंबाखालचं घर. जरा डोकावाल? चूल पेटते का, पाणी कुणी भरून देतं का, तेवढं बघा. चूक तिची नव्हती हो... ते मीच सांगीन तिला. आधी बघून या, आहे ना बरी?”