रिकाम्या बादलीचा मान

शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं काढली, पण पोरांना काय आवडतं हे मला विचारावं असं आहार सुधार समितीला काही सुचलं नाही. समितीत पाच माणसं. त्यांतल्या एकानेही जन्मात कांदा चिरला नसावा. त्यांनी ठरवलं, पहिली-दुसरीच्या मुलांनी पौष्टिक खायचं. म्हणजे उकडलेलं बीट, उकडलेला पालक, आणि मीठ नावालाही नाही. माझा हात सैल, म्हणून अध्यक्षांनी मीठ, तेल, मिरी कपाटात कोंडली आणि किल्ली आपल्या खिशात टाकली.

मुलं जेवतात की नाही हे कळायला त्यांनी युक्तीही काढली. खरकट्याच्या बादलीचं रोज वजन करायचं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती दोन किलोंच्या वर गेली, तर स्वयंपाकघर बंद, मी घरी, आणि मुलांना कारखान्यातले सीलबंद डबे.

पहिल्या दिवशी बादली अकरा किलो भरली. मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगेच नियम काढला की ताट रिकामं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आठवड्याभरात बादली ठणठणीत कोरडी! समितीने फाटकावर फलक लावला, 'मुलांना बिटाची गोडी लागली.' मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

माझी नात पहिलीत आहे. तिला सगळे चिमणी म्हणतात. ती हल्ली घरी आली की दप्तर टाकायच्या आधी पावावर तुटून पडायची. एकदा दप्तर धुवायला घेतलं, तर पेन्सिलींच्या डबीत बीट आणि पाण्याच्या बाटलीत पालक.

"सगळेच असं करतात, आजी," ती म्हणाली. "बाई ताट बघतात, दप्तर कुठे बघतात?"

बोलावं तर माझी चूल विझणार, गप्प बसावं तर पोरं उपाशी. मी दोन आठवडे गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटच्या दिवशी समिती बादली बघायला आली. मला राहवलं नाही. म्हटलं, काय व्हायचं ते होवो, आणि पाच ताटं वाढून मुलांच्या ओळीत मांडली.

"साहेब, आज इथेच जेवा."

नाही म्हणायची सोय नव्हती, समितीनेच आणलेला फोटोवाला समोर उभा होता. अध्यक्ष चिमणीशेजारी बसले.

"काका, ताट संपेपर्यंत उठायचं नाही हं," तिने बजावलं.

अध्यक्षांनी एक घास घेतला आणि तो बराच वेळ तोंडातच फिरवला. मग मी पाणी आणायला वळले. परत येते तो पाचही ताटं लख्ख! अध्यक्ष भाषणाला उभे राहिले.

"ही रिकामी बादली म्हणजे आपल्या..." एवढं म्हणेपर्यंत पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर लाल डाग पसरू लागला.

चिमणीला त्यांची दया आली. "काका, खिशात गळतं. बाटलीत भरायचं."

बाकीच्या चौघांनी आपापल्या पिशव्या पोटाशी धरल्या. मोठ्या बाई छताकडे बघू लागल्या. अध्यक्ष मटकन खाली बसले आणि हळूच मला म्हणाले, "बाई, थोडं मीठ मिळेल का?"

"किल्ली तुमच्याकडे आहे, साहेब."

त्यांनी खिशात हात घातला. आधी बिटाच्या चार फोडी निघाल्या, मग किल्ली. ते बघून पोरांनीही दप्तरं उघडली आणि भराभरा बादलीत रिकामी केली. काट्यावर चौदा किलो भरले.

नियमाप्रमाणे मला त्याच दिवशी घरी पाठवायला हवं होतं. पण मी तेलावर बीट परतलं, मीठ-मिरी टाकली, आणि अध्यक्ष रिकामं ताट घेऊन दुसऱ्यांदा आले. चिमणीने त्यांना रांगेत मागे पाठवलं.