कुऱ्हाडीने चिरलेला ढग

अर्धं कॉब्ली गाव धान्याच्या कोठारामागे जमलं होतं. पश्चिमेचं आभाळ शेवाळी झालेलं. हार्लन पोगने कुऱ्हाड डोक्यावर फिरवली आणि पातं ढगाकडे करून जमिनीत रोवली.

"फाट! माझ्या आज्याने तुझा आजा चिरलाय! एकदा रोवली की गुण जमिनीत मुरतो, मंडळी!"

ढग ईशान्येला सरकला. टाळ्या पडल्या, कुणी हार्लनच्या हातात केक ठेवला. आमच्याकडचे ढग बहुतेक ईशान्येलाच जातात, कुऱ्हाड रोवा की झाडू. पण त्या गर्दीत हे ऐकणार कोण?

"साठ वर्षं गावाला टोर्नेडोचा ओरखडा नाही," हार्लन म्हणाला. "गेला मे महिना सोडा. तेव्हा कुणीतरी कुऱ्हाड उपटली होती."

सगळ्यांच्या माना ओर्लीनकडे वळल्या. स्वतःच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला, म्हणून रविवारची कोंबडी कापायला तिने शेताच्या कडेला रोवलेली हार्लनची कुऱ्हाड काढली होती. त्याच संध्याकाळी टोर्नेडोने तिचं घर नेलं. ती तळघरात होती म्हणून वाचली. नवरा व्हर्नन ओसरीवरच बसला होता, तो गेला.

तेव्हापासून वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की ओर्लीन नव्या घराच्या ओसरीवर मुद्दाम खुर्ची टाकून बसते. मी एकदा हात धरून ओढलं, तर म्हणाली, "सोड गं. मीच बोलावलं त्या वादळाला. आता मलाही नेऊ दे."

शेवटी मी आयोनबाईंना गाठलं. गावाला, हार्लनलासुद्धा, विज्ञान शिकवलं ते त्यांनीच. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या दालनात त्यांनी एक भलीमोठी गोधडी पसरली.

"ही गोधडी म्हणजे आपला सगळा मुलूख, एकेक ठिगळ म्हणजे एकेक गाव. हार्लन, ठेव तुझी कुऱ्हाड हव्या त्या ठिगळावर."

बाईंनी डोळे मिटून घेवड्याचे चार दाणे उधळले. "हे एका वर्षाचे टोर्नेडो."

कुऱ्हाडीपाशी एकही पडला नाही. "बघा!" हार्लन फुशारला.

"आणि ती सगळी ठिगळंही रिकामीच आहेत की. तिथेही काय तुझी कुऱ्हाड रोवलीय?" हशा पिकला. "अरे, टोर्नेडो दरवर्षी येतात, पण त्यांची वाट अरुंद असते. एकाच गावावर पुन्हा यायला सरासरी शेकडो वर्षं लागतात. साठ वर्षं न येणं हा चमत्कार नाही, तो नेहमीचा हिशेब आहे."

बाई उधळत राहिल्या. कितव्या तरी खेपेला टण् आवाज झाला. दाणा थेट पात्यावर पडला होता.

"पण बाई, मी उपटली त्याच दिवशी कसा आला?" ओर्लीनने विचारलं.

"कुठल्यातरी दिवशी येणारच होता गं. ढगाला तुझी कोंबडी दिसत नाही. पण व्हर्नन खाली का आला नाही?"

ओर्लीन सांगू लागली. "मी ओरडले, कुऱ्हाड मी काढलीय, खाली ये. तर हसला. म्हणाला, काढली तर काढली. हार्लन सांगतो ना, गुण जमिनीत मुरतो."

हार्लनने मान खाली घातली. आम्ही टाळ्या वाजवणारेही आपापल्या बुटांकडे बघत राहिलो. वर्षभर ही बाई आमचं पाप डोक्यावर घेऊन उघड्यावर बसली होती, आणि आम्ही तिला बसू दिलं.

तेवढ्यात भोंगा वाजला. सवयीने सगळे हार्लनकडे वळले. ओर्लीन मात्र उठली, तिने आयोनबाईंचा हात धरला. "चला, खाली. हार्लन, तूसुद्धा."

बाबांनो, ढग चिरणारी कुऱ्हाड कुठल्याच लोहाराने घडवलेली नाही. भोंगा वाजला की तळघरात उतरा. आणि ज्याच्या घरावर दाणा पडला, त्याच्या घरात पाप शोधत बसू नका.