कोपऱ्यावरचा गाळा

"ओ मिस्तरी, तठे पाय ठिऊ नका. तठे मन्ही ट्रेडल बसनार शे."

लीलाधर सुतार दचकून मागे सरला. नव्या फरशीवर खडूने चौकोन आखलेला होता. जीवराम रोज संध्याकाळी येऊन तो पुन्हा गिरवून जाई.

"कसानी ट्रेडल, नाना? माले तं औषधस्ना कपाटंस्नं माप लेवाले धाडेल शे. आठे मेडिकल व्हई ऱ्हायनं."

जीवराम हसला. सुताराचा काहीतरी घोटाळा झाला असणार! धुळ्याच्या पाचव्या गल्लीतली ही इमारत कालपरवापर्यंत 'दैनिक पांझराकाठ'ची होती आणि जीवराम तिथला अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा. तिथे मिसरूड फुटलं, तिथेच केस पिकले. पेपर बंद पडला, तेव्हा झुंबरलाल शेठनी खालती दुकानं आणि वरती लॉज काढायचं ठरवलं. मोठं यंत्र भंगारात गेलं. पण गेल्या खंडेनवमीला पायाने चालवायच्या लहानग्या छपाईयंत्राला, ट्रेडलला, झेंडू वाहून शेठ चारचौघांत म्हणाले होते, "जीवराम, कोपऱ्यावरचा गाळा तुझा. ट्रेडल तिथं लाव, लग्नपत्रिका छाप आणि सुखाने खा." कागद कशाला करायचा? शेठचा शब्द होता. घरी त्याच्या बायकोने, भागाबाईने, तर गाळ्याच्या दाराला लावायचं तोरणसुद्धा मनातल्या मनात ओवून ठेवलं होतं.

तरी मन राहीना. तो तडक शेठच्या घरी गेला.

होळीनंतर शेठना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पलंगाशी महावीर, त्यांचा मुलगा, उभा होता. जीवरामने वाकून विचारलं, "शेठ, कोपऱ्यावरचा गाळा तुम्ही मला दिला होता ना? एवढं महावीरशेठना सांगा."

शेठना सगळं कळलं. डोळ्यांत पाणी तरारलं. चांगला हात थरथरत वर आला आणि त्यांनी जीवरामची बाही घट्ट धरली. तोंडातून नुसती घरघर निघाली. उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी चंदनबाईंना वाटलं, ह्यांना थंडी वाजतेय. त्यांनी तो हात हळूच सोडवला, रजईत घातला आणि रजई गळ्यापर्यंत ओढली. शेठ रजईआडून बघत राहिले. त्या घरात तेव्हा सर्वांत लाचार कोण, जीवराम की शेठ, हे देवालाच ठाऊक.

महावीरने त्याला ओसरीवर आणलं. पोरगा वाईट नव्हता. लहानपणी जीवरामच्या मांडीवर बसून खिळ्यांशी खेळलेला होता.

"जीवरामभाऊ, बाबूजी बोलले असतील. मी कुठं नाही म्हणतो? पण वरती लॉज आहे. गिऱ्हाईक झोपायला येणार की ट्रेडलची धडधड ऐकायला? तुमची सोय केलीय मी. लॉजच्या दाराशी बसा, वॉचमन म्हणून. खुर्ची देतो, छत्री देतो."

जीवरामने पायांत चपला सरकवल्या.

"आणि हो, दसऱ्याला उद्घाटन आहे. पत्रिका तेवढी तुम्हीच छापा. तुमच्या हाताची शोभाच वेगळी. मग ट्रेडल आणि खिळे भंगारवाला नेईल."

नाही म्हणावं, चार शब्द सुनावावेत म्हणून जीवरामने तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच: "मजकूर द्या."

स्वतःचाच त्याला मनस्वी राग आला. पण हाताला दुसरं काही येत नव्हतं, आणि जिभेला तर तेवढंही नाही.

इमारतीमागे ट्रेडल ठेवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने पत्रिका जुळवली. 'झुंबर मार्केट'ला मोठा टाइप लावला, भोवती वेलबुट्टीची चौकट घातली. छपाई नेहमीसारखी देखणी झाली. गठ्ठे महावीरचा माणूस घेऊन गेला, आणि लगेच चिंधा भंगारवाला पोती घेऊन दारात उभा राहिला.

"नाना, भरू का आते?"

"थांब जरा. मॅटर सोडानं शे आजून."

छपाई झाली की जुळवलेल्या ओळी सोडायच्या आणि खिळा न् खिळा लाकडी केसमधल्या त्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा, ही जुळाऱ्यांची रीत. तसं न करता घरी जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा जुळारी शिव्या घाली. इथे आता दुसऱ्या दिवशी कुणी यायचं नव्हतं. जीवराम मात्र स्टुलावर बसला आणि एकेक ओळ हातात घेऊन सोडवू लागला. क कच्या खणात, म मच्या खणात.

चिंधा थोडा वेळ बघत राहिला. त्याला राहवेना.

"पन नाना, बठ्ठं एकच पोतामा जावानं शे ना?"

"हा," जीवराम म्हणाला आणि पुढची ओळ उचलली.

शेवटचा काना खणात पडला, तेव्हा उन्हं कलली होती. त्याने हात पुसले. केसचं एक टोक त्याने धरलं, दुसरं चिंधाने. दोघांनी ती पोत्यावर कलती केली. सगळी अक्षरं खळाळत एकात एक मिसळून गेली.

एखादा खिळा आत अडकून राहू नये म्हणून जीवरामने केसच्या पाठीवर हलकेच दोन थापा मारल्या.