लाँचचा मागचा बाक

बायको साळुबाई वारल्यावर सोपानने लाँच किनाऱ्याला बांधून ठेवली होती, ती थेट उन्हाळ्यात सोडायला घेतली. डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांतली माणसं रोज विचारत होती, लाँच कधी सुरू होणार म्हणून. पण इंजिन तापत होतं, ओढ धरत नव्हतं. म्हणून त्याने जुन्नरहून वलीभाईला बोलावलं. वली इंजिनांचा मिस्त्री. लाँचच्या पोटातही जुन्या मोटारीचंच पेट्रोल इंजिन होतं, त्यामुळे ते त्याला नवं नव्हतं.

"चालू करा," वली म्हणाला आणि मागच्या टोकाला जाऊन वाकला. धुराच्या नळीतून धूर आणि धरणाचं पाणी मिळून बाहेर पडायला हवं होतं; त्या पाण्यानेच धूर थंड होतो. पाणी ठिबकत होतं, धूर जेमतेम दिसत होता.

"धूर हितं येत नाय, मंग जातो कुठं?" तो स्वतःशीच म्हणाला. त्याने इंजिन बंद करायला सांगितलं आणि केबिनमध्ये शिरला.

केबिन बुटकी होती. दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकचे पडदे, मागे बाक. इंजिन त्या बाकाखालीच होतं. वलीने बाकाची फळी उचलली. रबरी नळी हाताने चाचपत तो इंजिनाकडे सरकला. नळी मऊ पडली होती आणि तिच्या तोंडाशी असलेलं लोखंडी कोपर, म्हणजे नळीचं वळण, गंजून मागच्या अंगाला फुटलं होतं. भोकात बोट गेलं. वरची फळी आतून काजळीने काळी झाली होती.

"भाऊ, हे पडदे कधी लावले?"

"थंडीत. साळूला वारं सोसत नव्हतं." सोपान दारात उभा होता. "ती ओतूरला पोरीकडं निघाली की याच बाकावर बसायची. उबदार लागतो म्हणायची."

वलीचा हात थांबला. "वैनीला काही तरास व्हता?"

"डोकं दुखायचं. मळमळायचं. वृषालीकडं पोचली, की बाहेरच्या हवेत बरं वाटायचं. वृषाली म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढला आसंल, बघू पुढं. मंग त्या दिवशी ही गेलीच. डॉक्टर म्हणले हार्ट. तवापासून पोरगी जेवत नाय धड. मी आईला तवाच दवाखान्यात न्यायला पायजे व्हतं, एवढंच म्हणती."

"त्या दिवशी काय झालं?"

"मी पुढं व्हतो, सुकाणूवर. वळून बघितलं तर झोपली व्हती. चेहरा लाल, टवटवीत. म्हणलं, झोपू दे. मी लाँच हळू केली. लांबच्या अंगानं नेली, तिची झोप मोडू नये म्हणून."

वलीने फळी बाजूला ठेवली. मग त्याने सोपानला खाली बसवलं आणि त्याचं बोट धरून फुटलेल्या कोपराच्या भोकात घातलं.

"भाऊ, हे आज ना उद्या तुमाला कळणारच. पेट्रोलच्या धुरात एक गॅस आसतो. त्याला वास नाय. माणूस झोपतं, आन् मंग उठत नाय. चेहरा लाल राहतो."

सोपानने बोट भोकातून काढलं नाही.

"पडदं मी लावलं," तो शेवटी म्हणाला. "हळू मी केली."

"तुमाला ठाव नव्हतं."

"तिला थंडी वाजू नये म्हणून केलं, वलीभाई."

वली खाली त्याच्या शेजारी बसून राहिला.

कोपर नवं घ्यावं लागलं. रबरी नळी, क्लिपा, पाणी ओढणाऱ्या पंपाच्या झिजलेल्या चकतीच्या जागी नवी, सगळं वलीने पुण्याहून मागवलं. फिटिंग झाल्यावर इंजिन चालू ठेवून त्याने प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. कुठेही बुडबुडा आला नाही. मागच्या नळीतून पाणी धुरासोबत जोरात उसळू लागलं. मग त्याने पडद्यांना हात घातला, तर सोपान म्हणाला, "राहू द्या, मी काढतो." एकेक खिळा उपटत त्याने ते काढले. मग त्यांची घडी घालून ठेवली.

वलीने सामान आवरलं. "पोरीला सांगणार?"

"सांगू नये वाटतं. तिला कळलं तर ती माज्या तोंडाकडं कशी बघंल?" सोपान पाण्याकडे बघत होता. "पण नाय सांगितलं, तर ती जन्मभर स्वतःलाच खात बसंल."

त्याने तिथेच फोन लावला. वली उठून लांब जायला लागला, तर सोपानने त्याची बाही धरली.

"वृषाली, आईचं हार्ट नव्हतं," तो म्हणाला. मग कोपर, पडदे, लाँच हळू केल्याचं, सगळं सांगितलं, काही न वगळता. "तू दवाखान्यात नेली आसती तरी डॉक्टरला काय दिसलं नसतं. तुजी चूक नाय, बाळा. माजी हाय."

फोनवर कितीतरी वेळ नुसते हुंदके ऐकू येत राहिले. सोपानने फोन कानापासून हलवला नाही.

"आबा," शेवटी वृषाली म्हणाली, "तुम्ही एकटे आहात का तिथं?"

"वलीभाई हायेत."

"त्यांना थांबायला सांगा. मी निघते."

सोपानने वलीकडे पाहिलं. काही न सांगताच वलीने हातातली पेटी खाली ठेवली आणि किनाऱ्यावर बसला. सोपान त्याच्या शेजारी बसला आणि तोंडावर उपरणं धरून रडू लागला. साळुबाई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता.